३६८ मिलिमीटरचा फरक आणि टोकियो स्थानक

टोकियो स्थानकात पश्चिमेच्या मारुनोउची बाजूने शिरून पूर्वेच्या याएसू बाजूकडे चालू लागले, की फलाटांचे क्रमांक ओळीने लागत जातात. १, २, ३ करत १० पर्यंत सगळे रीतसर असते. मग एकदम २० लागतो. २० ते २३ संपल्यावर पुढचा आकडा २४ असेल असे वाटते, तर तिथे १४ ची पाटी दिसते आणि मोजणी १९ वर संपते. ११, १२ आणि १३ या क्रमांकांचे फलाट कुठेच सापडत नाहीत. मिनिटाच्या हिशेबासाठी जगभर नावाजलेल्या जपानी रेल्वेच्या मुख्य स्थानकात आकडे असे उलटसुलट का, याचे उत्तर स्थानकाच्या इतिहासात आहे. शंभरी ओलांडलेल्या या जागेत नव्या गाड्यांसाठी फूटफूट जागा काढताना जी ओढाताण झाली, तिची नोंद या क्रमांकांत राहून गेली.

या ओळीतले १ ते १० क्रमांक शहराच्या आणि आसपासच्या प्रांतांच्या गाड्यांचे. शहराला वळसा घालणारी यामानोते मार्गिका, पश्चिमेच्या उपनगरांकडे जाणारी चुओ, योकोहामाकडची तोकाइदो या गाड्या इथून सुटतात. २० ते २३ वर उत्तरेकडे जाणाऱ्या बुलेट ट्रेन म्हणजे शिंकान्सेन लागतात, तर १४ ते १९ वर ओसाकाकडे जाणाऱ्या. याशिवाय जमिनीखाली दोन वेगळ्या ठिकाणी प्रत्येकी चार फलाट आहेत. सगळे मिळून २८ फलाट आणि दिवसाला तीन हजारांच्या घरात गाड्या. कोविडपूर्वीच्या काळात एकट्या जेआर ईस्ट कंपनीच्या गाड्यांत इथून रोज साडेचार लाखांहून अधिक लोक चढत असत.

एवढा सगळा पसारा कशासाठी, हे समजून घ्यायचे तर आधी रुळांकडे पाहावे लागते. १ ते १० क्रमांकांवरच्या दोन रुळांमधले अंतर १०६७ मिलिमीटर आहे आणि त्यांच्या शेजारीच असलेल्या शिंकान्सेनच्या रुळांमधले १४३५ मिलिमीटर. फरक ३६८ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम सव्वा फूट. या सव्वा फुटामुळे शिंकान्सेन जुन्या रुळांवर जाऊ शकत नाही आणि जुनी गाडी शिंकान्सेनच्या रुळांवर येऊ शकत नाही. गाडी पुढे जाऊ शकत नसेल तर माणसाला उतरून चालावे लागते. टोकियो स्थानकाची सगळी रचना या चालण्याभोवती उभी राहिली आहे.

जपानची पहिली रेल्वे १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा धावली. ब्रिटिश अभियंत्यांच्या मदतीने बांधलेल्या त्या मार्गासाठी अरुंद गेज, म्हणजे दोन रुळांमधले कमी अंतर, निवडले गेले. डोंगराळ देश, वळणावळणाचे मार्ग आणि हातात पैसा थोडा, अशा परिस्थितीत ते परवडणारे होते. पण त्याच गेजवर पुढे देशभर जाळे पसरले आणि वेग वाढवायची वेळ आली तेव्हा ते आड येऊ लागले. सगळे रूळ रुंद करावेत की नाही, यावर जपानमध्ये अनेक दशके वाद झाला. दर वेळी खर्चाच्या आकड्यापाशी गाडी अडली.

१९५५ मध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या अध्यक्षपदी आलेले शिंजी सोगो आणि त्यांनी बोलावून आणलेले मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी वेगळी वाट काढली. जुने रूळ आहेत तसे राहू द्यायचे आणि टोकियो ते ओसाका रुंद गेजचा संपूर्ण नवा मार्ग बांधायचा. मालगाड्या नाहीत, रस्त्यावरचे फाटक नाही, जुन्या गाड्यांची सरमिसळ नाही. जागतिक बँकेने १९६१ मध्ये ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. खर्च मात्र अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि सोगो व शिमा हे दोघेही १९६३ मध्ये पायउतार झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सकाळी ६ वाजता टोकियोहून हिकारी नावाची पहिली शिंकान्सेन सुटली, तेव्हा ते पदावर नव्हते. पुढे सोगोंच्या चेहऱ्याचे शिल्प असलेली स्मृतिशिला स्थानकात बसवली गेली. १८ आणि १९ क्रमांकांच्या फलाटाच्या टोकाला ती आजही आहे आणि बहुतेक प्रवासी घाईघाईने तिच्यापुढून निघून जातात.

पहिल्या हिकारीला ओसाकापर्यंत चार तास लागत. ताशी २१० किलोमीटर हा तिचा कमाल वेग होता. आज त्याच मार्गावर नोझोमी ही शिंकान्सेन ताशी २८५ किलोमीटरने धावते आणि ५१५ किलोमीटर अंतर अडीच तासांच्या आत कापते.

फ्रान्सने १९८१ मध्ये टीजीव्ही सुरू केली, तेव्हा तिथे असा प्रश्न आला नाही. जुने आणि नवे रूळ एकाच गेजचे असल्याने शहराबाहेर वेगाने धावणारी गाडी पॅरिसजवळ आली की जुन्या रुळांवर चढून सरळ जुन्या स्थानकात जाते. पुढे लहान गावांपर्यंतही ती जुन्या मार्गाने पोहोचू शकते. स्पेनमध्ये जुने गेज रुंद आहे आणि वेगवान गाड्यांचे १४३५ मिलिमीटर. तिथे चाकांमधले अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या तयार झाल्या. मार्गावरच्या एका खास पट्ट्यावरून हळू जाताना त्यांची चाके जवळ किंवा दूर सरकतात. जपानने दोन्ही जाळी वेगळी ठेवली. त्यामुळे गोंधळ टळला, एका जाळ्यातला उशीर दुसऱ्यात शिरला नाही. पण त्याची किंमत म्हणून गाडी बदलण्याचे सगळे ओझे स्थानकांवर आले, आणि त्यातले सर्वांत मोठे टोकियोवर.

खरे तर टोकियो स्थानक जन्माला आले तेच दोन मार्ग जोडण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेकडच्या गाड्या शिंबाशीला थांबत आणि उत्तरेकडच्या उएनोला. मधल्या दाट वस्तीतून रूळ नव्हते. शहराच्या सुधारणा आराखड्यात ही दोन टोके पुलावरून जोडून मध्ये एक मुख्य स्थानक बांधायचे ठरले. फ्रांझ बाल्ट्झर या जर्मन अभियंत्याने त्याची आखणी केली. विटांच्या कमानींवर उभा असलेला तेव्हाचा रेल्वेपूल युराकुचो भागात आजही वापरात आहे आणि त्याच्या कमानींखाली खाणावळी चालतात. स्थानकाची ३३५ मीटर लांबीची लाल विटांची इमारत तात्सुनो किंगो या वास्तुकाराने उभी केली. २० डिसेंबर १९१४ पासून ती प्रवाशांसाठी खुली झाली.

या देखण्या इमारतीची आखणी प्रवाशांच्या मात्र फारशी सोयीची नव्हती. दक्षिणेकडच्या घुमटाखालून आत जायचे आणि उत्तरेकडच्या घुमटाखालून बाहेर पडायचे, असा नियम होता. मधला दरवाजा सम्राटासाठी राखीव. ३३५ मीटर लांब इमारतीत चुकीच्या टोकाला पोहोचलेल्या माणसाची चांगलीच पायपीट होई. पूर्वेकडच्या याएसू बाजूला तर दरवाजाच नव्हता. तो १९२९ मध्ये झाला. म्हणजे पहिली पंधरा वर्षे स्थानक राजवाड्याकडे तोंड आणि व्यापारी पेठेकडे पाठ करून उभे होते.

उत्तरेकडची शिंकान्सेन या स्थानकात ज्या रीतीने आली, ती कहाणी वेगवान गाड्या बांधू पाहणाऱ्या प्रत्येक शहराने वाचण्यासारखी आहे. शेकडो किलोमीटरचा मार्ग बांधून झाला आणि शेवटच्या ३० किलोमीटरसाठी नऊ वर्षे गेली. १९८२ मध्ये तोहोकु शिंकान्सेन सुरू झाली ती टोकियोच्या उत्तरेच्या ओमिया स्थानकातून. राजधानीतल्या प्रवाशाला आधी उएनोहून जोडगाडीने ओमिया गाठावे लागे आणि तिथे शिंकान्सेन पकडावी लागे. १९८५ मध्ये ती उएनोपर्यंत आली, तीही खोल भुयारात. उएनो ते टोकियो हे उरलेले ३.६ किलोमीटर पार करायला १९९१ उजाडले.

उशिराचे एक मोठे कारण लोकांचा विरोध हे होते. ओमियाच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांचा सवाल साधा होता. गाडी आमच्या घरांवरून जाणार, आवाज आम्ही ऐकणार, पण ती आमच्याकडे थांबणार नाही. मग आम्हाला काय मिळणार? अखेर तोडगा निघाला. शिंकान्सेनच्या पुलाला लागूनच लोकल गाड्यांची नवी मार्गिका बांधून देण्याचे रेल्वेने मान्य केले. सप्टेंबर १९८५ मध्ये सुरू झालेली सायक्यो मार्गिका ती हीच. आवाज कमी राहावा म्हणून या पट्ट्यात शिंकान्सेनचा वेग कित्येक वर्षे ताशी ११० किलोमीटरवर बांधलेला होता. २०२१ मध्ये तो १३० झाला. पुढे जाऊन ताशी ३२० किलोमीटर गाठणारी हायाबुसा ही शिंकान्सेन राजधानीच्या हद्दीत अशी दमाने चालते.

उएनो आणि टोकियो यांच्यामध्ये तर आणखी बिकट प्रसंग होता. कांडा भागात रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारती खेटून उभ्या. नव्या मार्गाला जागाच नाही. तेव्हा तिथून उत्तर-दक्षिण सरळ जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या आणि प्रादेशिक गाड्यांचे जे रूळ होते, त्यांच्या जागेवर हात घातला गेला. १९७३ मध्ये त्या सरळ गाड्या थांबल्या, पुढे मधले रूळ उखडले आणि तिथे शिंकान्सेनचा पूल आला. वेगवान गाडी आली खरी, पण उत्तरेच्या उपनगरांतून येणाऱ्या नोकरदारांना आता उएनोला उतरून यामानोते किंवा केइहिन-तोहोकु गाडीत घुसावे लागे. सकाळच्या वेळी त्या गाड्यांत क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसे असत.

ही चूक दुरुस्त व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. गेलेली जागा परत मिळणार नव्हती, म्हणून कांडामध्ये शिंकान्सेनच्या पुलाच्या डोक्यावर दुसरा पूल चढवण्यात आला. खालून शिंकान्सेन धावत असताना वरचे काम करायचे होते, त्यामुळे अवघड कामे गाड्या बंद असलेल्या रात्रीच्या थोड्या तासांतच उरकावी लागत. १४ मार्च २०१५ रोजी उएनो-टोकियो मार्गिका सुरू झाली आणि चार दशकांपूर्वी तुटलेला धागा पुन्हा जुळला. आता उत्तरेच्या उत्सुनोमिया आणि ताकासाकीकडून आलेली गाडी टोकियोत न अडता सरळ दक्षिणेला योकोहामाच्या दिशेने निघून जाते.

क्रमांकांचे कोडे सुटते ते १९९७ मध्ये. १९९१ मध्ये उत्तरेची शिंकान्सेन टोकियोत आली तेव्हा तिला एकच फलाट मिळाला होता. त्याच्या दोन कडांना १२ आणि १३ असे क्रमांक होते. नागानोकडचा नवा मार्ग सुरू व्हायचा होता आणि त्या गाड्यांना दुसरा फलाट हवा होता. जागा कुठून आणायची? उपाय निघाला तो वरच्या दिशेने. चुओ मार्गिकेसाठी जमिनीपासून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, मारुनोउचीच्या कडेला नवा फलाट बांधला गेला आणि १९९५ मध्ये चुओ तिथे गेली. तिच्या जुन्या जागी शेजारची मार्गिका सरकली, तिच्या जागी त्यापुढची, अशी सगळी ओळच पश्चिमेला एकेक फलाट सरकली. शेवटी पूर्वेकडे जी पट्टी मोकळी झाली ती शिंकान्सेनला मिळाली. आता उत्तरेकडच्या गाड्यांचे चार क्रमांक हवे होते. १० आणि १४ यांच्यामध्ये मोकळे आकडे तीनच. १४ ते १९ दुसऱ्या कंपनीचे. म्हणून १९ नंतरचे २०, २१, २२ आणि २३ हे आकडे उचलून मध्येच बसवले गेले.

दुसरी कंपनी म्हणजे जेआर सेंट्रल. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे होऊन खासगीकरण झाले, तेव्हा ओसाकाची शिंकान्सेन जेआर सेंट्रलकडे आणि उत्तरेकडची जेआर ईस्टकडे गेली. २३ आणि १४ हे शेजारी आहेत, गेजही एकच आहे, तरी त्यांचे रूळ एकमेकांना जोडलेले नाहीत. ओसाकाकडच्या गाड्या ६० हर्ट्झच्या विजेवर चालतात, टोकियोहून उत्तरेकडे निघणाऱ्या ५० हर्ट्झच्या. जपानमध्ये पूर्व आणि पश्चिम भागांत विजेची वारंवारता पहिल्यापासून वेगळी आहे. उत्तरेच्या सेंदाईहून पश्चिमेच्या क्योटोला जाणाऱ्या प्रवाशाला म्हणूनच टोकियोत गाडी बदलावी लागते.

वर जागा संपली तशी रेल्वे जमिनीखालीही गेली होती. १९७२ मध्ये मारुनोउची बाजूला पाचव्या तळघराच्या खोलीवर सोबु मार्गिकेचे फलाट झाले. १९९० मध्ये दक्षिणेला केइयो मार्गिका आली. चिबाच्या किनाऱ्याकडे आणि डिस्नेलँडकडे जाणारे लोक हिचा वापर करतात. केइयोचे फलाट मुख्य स्थानकापासून इतके दूर आहेत, की नवखा माणूस आपण वाट चुकलो असे समजून मागे फिरतो. सरकते पट्टे आहेत, तरी शिंकान्सेनमधून उतरून तिथे पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. कारण मागच्या एका फसलेल्या योजनेत आहे. नारिता विमानतळासाठी स्वतंत्र शिंकान्सेन बांधायची होती आणि तिच्या टोकियोतल्या फलाटांसाठी ही जागा ठरली होती. ती योजना बारगळली, जागा राहिली आणि केइयोला देण्यात आली.

भूमिगत फलाटांपुढे नंतर पाण्याचा प्रश्न उभा राहिला. कारखान्यांसाठी टोकियोत भूजल बेसुमार उपसले जाई, तेव्हा पाण्याची पातळी खोल गेली होती. उपशावर निर्बंध आल्यावर ती पुन्हा वर चढू लागली. रिकामी कळशी पाण्यात दाबून धरली की हाताला वर लोटते, तसाच दाब आता आख्ख्या भूमिगत स्थानकाच्या तळावर येऊ लागला. स्थानक उचलले जाऊ नये म्हणून त्याचा तळ खालच्या घट्ट थरात पोलादी नांगर ठोकून जखडण्यात आला. भुयारात झिरपणारे पाणी आधी गटारात सोडावे लागे. २००२ पासून ते लांब नळाने शिनागावा भागातल्या तचिआई नदीत सोडले जाते. मरगळलेल्या आणि वास मारणाऱ्या त्या नदीला त्यामुळे वाहते पाणी मिळाले.

एवढ्या खटपटीनंतरही उत्तरेकडच्या शिंकान्सेनकडे टोकियोत चारच फलाट आहेत. तोहोकु आणि होक्काइदो, यामागाता, आकिता, जोएत्सु, होकुरिकू अशा सगळ्या दिशांच्या गाड्या त्या चारांवरच लागतात. गर्दीच्या वेळी तासाला पंधराच्या आसपास गाड्या सुटतात. हिशेब केला तर येणे-जाणे धरून एका गाडीच्या वाट्याला साधारण १६ मिनिटे येतात आणि त्यातली प्रत्यक्ष उभे राहायची मिळतात १२. त्यातली दोन उतरणाऱ्यांची, तीन चढणाऱ्यांची. उरलेल्या सातांत सफाई पथकाने आसने उलट दिशेला फिरवायची, कचरा उचलायचा, टेबले पुसायची आणि खाली उतरून वाकून नमस्कार करायचा. या सात मिनिटांच्या चित्रफिती जगभर कौतुकाने पाहिल्या जातात. शिस्तीचे कौतुक योग्यच आहे, पण त्या शिस्तीच्या मुळाशी फलाटांची टंचाई आहे. ओसाकाच्या बाजूला सहा फलाटांवरून गर्दीच्या तासात १२ नोझोमी आणि इतर गाड्या धरून १७ पर्यंत शिंकान्सेन सोडल्या जातात. चुओ मार्गिकेच्या दोन फलाटांचा हिशेब त्याहून कडक आहे. सकाळी तिथे सुमारे दर दोन मिनिटांनी गाडी येते, रिकामी होते, भरते आणि उलट निघते.

सव्वा फुटाचा फरक मिटवायचे प्रयत्न जपाननेही केले. १९९२ मध्ये यामागाताकडे आणि १९९७ मध्ये आकिताकडे जाणाऱ्या जुन्या मार्गांचे रूळच रुंद करण्यात आले. त्यांवरून धावण्यासाठी सडपातळ शिंकान्सेन तयार झाल्या, कारण जुने बोगदे आणि फलाट मोठ्या डब्यांना अपुरे होते. टोकियोहून निघताना हिरवी हायाबुसा आणि लाल कोमाची एकमेकींना जोडलेल्या असतात. मोरिओकाला त्या सुटतात, हायाबुसा सरळ उत्तरेला जाते आणि कोमाची डोंगरातल्या जुन्या मार्गाने आकिताकडे वळते. तिथे तिचा वेग जुन्या गाडीइतकाच असतो, फाटकेही लागतात; पण प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही.

चाके सरकवणाऱ्या गाड्यांवरही जपानने बरीच वर्षे प्रयोग केले. नागासाकीच्या मार्गासाठी त्या वापरायच्या होत्या. तांत्रिक अडचणी आणि खर्च पाहून तो बेत सोडला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो मार्ग सुरू झाला, तेव्हा ताकेओ-ओन्सेन स्थानकात एकाच फलाटाच्या एका कडेला जुनी गाडी आणि दुसऱ्या कडेला शिंकान्सेन अशी व्यवस्था केली गेली. उतरायचे, समोर चार पावले चालायचे आणि चढायचे. लहान स्थानकात हे जमते. टोकियोत दोन्ही बाजूंना इतक्या दिशांच्या इतक्या गाड्या असताना ते शक्य नाही, म्हणून तिथे वाट सोपी करण्यावर भर आहे.

तिकीट हा त्या वाटेचा महत्त्वाचा भाग. शिंकान्सेन आणि साध्या गाड्यांच्या मध्ये स्थानकाच्या आतच स्वयंचलित दरवाजे आहेत. साध्या प्रवासाचे आणि वेगाच्या जादा आकाराचे अशी दोन-तीन तिकिटे एकावर एक ठेवून फटीत सरकवली, तरी यंत्र ती सगळी वाचते, हवी ती ठेवून घेते आणि पुढे लागणारी परत देते. २०० किलोमीटरहून लांबून आलेल्या कागदी तिकिटावर मुक्कामाचे ठिकाण म्हणून टोकियोचे २३ प्रभाग असे छापलेले असते. म्हणजे ओसाकाहून आलेला प्रवासी त्याच तिकिटावर साध्या जेआर गाडीने त्या २३ प्रभागांतल्या कोणत्याही जेआर स्थानकावर उतरू शकतो. शिंकान्सेनचे भाडे मुख्य स्थानकाच्या दारात संपत नाही, घराजवळच्या स्थानकापर्यंत जाते.

या धबडग्यात तात्सुनोंची लाल इमारत टिकली, हेही नवलच. १९२३ च्या महाभूकंपात ती शाबूत राहिली. २५ मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात घुमट आणि तिसरा मजला जळाला. युद्धानंतर घाईने दोनच मजल्यांवर साधे छप्पर चढवले गेले आणि ते तात्पुरते रूप साठ वर्षे राहिले. मध्यंतरी ती पाडून उंच इमारत बांधायची चर्चा सुरू झाली, तेव्हा नागरिकांनी जतनाची चळवळ उभारली. अखेर २००७ ते २०१२ या काळात तिसरा मजला आणि घुमट मूळ रूपात परत आले आणि पायाखाली भूकंपाचे धक्के पेलणारे रबरी आधार बसवले गेले.  या कामाचा खर्च सुमारे ५० अब्ज येन होता. तो भागवायची युक्ती मुंबईकरांना टीडीआर या नावाने ठाऊक आहे. तीन मजली स्थानकाच्या डोक्यावर जितके मजले बांधायची परवानगी होती, तो न वापरलेला हक्क आसपासच्या उत्तुंग इमारतींना विकण्यात आला. स्थानक ठेंगणे राहिले आणि त्याच्या भोवती मनोरे उभे राहिले.

महाराष्ट्राला या सगळ्याशी थेट देणेघेणे आहे. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेन मार्ग शिंकान्सेनच्या तंत्रावर बेतलेला आहे. त्याचे गेज १४३५ मिलिमीटर आणि भारतीय रेल्वेचे १६७६. इथे फरक २४१ मिलिमीटरचा, आणि जपानच्या उलट इथे जुने रूळ रुंद आहेत. परिणाम तोच. बुलेट ट्रेन चर्चगेट किंवा सीएसएमटीला जाऊ शकणार नाही आणि विरारची लोकल वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) फलाटाला लागू शकणार नाही. प्रवाशाला उतरून चालावेच लागेल.

मुंबईचे टोक वांद्रे-कुर्ला संकुलात जमिनीखाली आहे. या मार्गावरचे हे एकमेव भूमिगत स्थानक. सहा फलाट, प्रत्येकी सुमारे ४१५ मीटर लांब आणि जमिनीपासून सुमारे २४ मीटर खोल. बीकेसी पश्चिम रेल्वेच्या वांद्र्यावरही नाही आणि मध्य रेल्वेच्या कुर्ल्यावरही नाही, दोन्हींच्या मध्ये आहे. संध्याकाळी तिथून यांपैकी कोणत्याही स्थानकाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हे अंतर नकाशात पाहावे लागत नाही. आरे ते बीकेसी हा मेट्रो ३ चा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली, ही जमेची बाजू. मेट्रो २ ब मार्गिकाही बीकेसीतून कुर्ल्याकडे जाणार आहे. ठाण्याचे बुलेट ट्रेन स्थानक तर जुन्या ठाणे स्थानकात नसून दिव्याजवळ म्हातार्डीला आहे. तिथे लोकलशी जोड कशी असेल, यावर ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या प्रवाशांची सोय किंवा गैरसोय ठरेल.

मुंबई ते अहमदाबाद मोजक्या थांब्यांसह २ तास ७ मिनिटांत, असे वेळापत्रक सांगितले जाते. टोकियोचा अनुभव असा, की गाडीने वाचवलेली मिनिटे स्थानकात सहज खर्च होतात. केइयोच्या वाटेवर ती रोज होतात आणि कांडाच्या पुलावर तुटलेली जोड परत मिळवायला ४२ वर्षे लागली. बीकेसी आणि म्हातार्डीची स्थानके अजून बांधली जात आहेत, तोवरच काही गोष्टी नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारून घ्यायला हव्यात. मेट्रोच्या फलाटापासून बुलेट ट्रेनच्या फलाटापर्यंत किती मिनिटे चालावे लागेल, पावसाळ्यात ती वाट कोरडी असेल का, सामान आणि म्हातारी माणसे घेऊन जाताना किती जिने चढावे लागतील, आणि एकच तिकीट लोकल, मेट्रो व बुलेट ट्रेन या तिन्हींना चालेल का. यांची उत्तरे आराखड्यात असतानाच बदलता येतात. काँक्रीट ओतून झाल्यावर त्यासाठी पुलावर पूल चढवावा लागतो.